चार मिनिटं हात लावायचा नाही

कुंभारीत कुठलीही गोष्ट चार मिनिटं एकटी राहू शकत नाही. शेगडीवरचं दूध उतू जायच्या आत तीन घरच्या तिघीजणी त्याच्याकडे बघून गेलेल्या असतात. पाळण्यातल्या बाळाचा डोळा लागतो न लागतो तोच 'झोपलंय का?' असं विचारायला येऊन कोणीतरी त्याला उठवतं. रस्त्यावर माणूस नुसता उभा राहिला, तर 'कुणाची वाट बघायलाव ओ?' म्हणत आणखी दोघं त्याच्याजवळ थांबतात आणि मग वाट तिघं मिळून बघतात. अशा गावात फ्रेंच प्रेस नावाचं यंत्र आलं. त्याची मागणी एका ओळीची आहे: पाणी ओता आणि चार मिनिटं हात लावू नका.

कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात, सोलापूरहून अक्कलकोटला जाणाऱ्या रस्त्यावर. बाहेरच्या लोकांना हे गाव दोन कारणांनी माहीत असतं. एक म्हणजे अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय. दुसरं म्हणजे कामगारांची घरं. आधी विडी वळणाऱ्या बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत झाली. मग असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर आलं, आणि त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी येऊन दिल्या. म्हणजे घरं हजारांनी आणि भाषा मराठी, कन्नड, तेलुगू; दखनी धरली तर चार. चारही भाषांत 'काय चाललंय?' हा प्रश्न फार सोपा आहे. एकांत मात्र अजून कुठल्याच योजनेत बसलेला नाही.

यंत्र आलं ते भाच्याच्या बॅगेतून. सोलापूरची पोरं नोकरीला एक तर पुण्याला जातात, नाही तर बेंगळुरूला. पुण्याला गेलेला येताना मतं घेऊन येतो, बेंगळुरूला गेलेला कॉफी घेऊन येतो. आमचा भाचा उद्यान एक्स्प्रेसमधून उतरला आणि चहा घ्यायच्या आधी त्यानं ओट्यावर प्रात्यक्षिक मांडलं. स्टीलचं उभट भांडं, वर झाकण, झाकणातून आरपार जाणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला बारीक जाळी. 'मामी, यात काहीच करायचं नसतं. नुसतं थांबायचं. थांबणं हेच यातलं कौशल्य.'

'मग ते तुझ्या मामांना जमेल,' मामी म्हणाली आणि भांडं माझ्या नावावर झालं. अगदी शब्दशः. स्टीलचं भांडं बिननावाचं घरात ठेवणं आईला मंजूर नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं ते बाजारात पाठवून त्यावर माझं नाव, तारीख आणि 'भाच्याकडून सप्रेम भेट' एवढं कोरून आणवलं. काचेचीही प्रेस मिळते म्हणे. पण आमच्या घरात काचेची वस्तू कपाटात राहते, आणि कपाटाची दारंही काचेची असल्यामुळे त्यांनाही कोणी हात लावत नाही. स्टीलची बरी. दुहेरी भिंतीची असली तर कॉफी गरम राहते आणि पडली तर फक्त आवाज होतो.

हिच्यातलं फ्रेंच नक्की किती, हा हिशेब मात्र अवघड आहे. १८५२ साली मायेर आणि देल्फोर्ज या दोघांनी पॅरिसमध्ये दांडा-जाळीच्या भांड्याचं पेटंट घेतलं, इथपर्यंत फ्रान्सची बाजू भक्कम आहे. पण पुढे १९२९ मध्ये मिलानच्या अत्तिलिओ कालिमानीनं जूलिओ मोनेताला बरोबर घेऊन त्यात सुधारणा केली. १९५८ मध्ये फालिएरो बोंदानिनीनं स्वतःची आवृत्ती काढली आणि ती तयार करायला फ्रान्समधला एक कारखाना गाठला. तो कारखाना क्लॅरिनेटचा. होय, आपल्या वरातीच्या बँडमध्ये घामाघूम झालेला मधला माणूस फुंकतो तेच वाद्य. पुढे बोडम या डॅनिश कंपनीनं हे भांडं घरोघरी पोचवलं. एवढ्या देशांतून फिरलेल्या वस्तूला कुंभारीत परकं वाटायचं काही कारण नव्हतं. सोलापुरात तर प्रत्येकाचं मूळ गाव दुसरंच कुठलंतरी असतं.

कॉफी आमच्याकडे नवीन नाही, पण तिचा हुद्दा वेगळा होता. चहा रोजचा, कॉफी प्रसंगाची. ताप उतरलेल्या माणसाला कॉफी, रात्री मुक्कामाला आलेल्या व्याह्यांना कॉफी, चहा सोडलाय असं चारचौघांत सांगणाऱ्याला कॉफी. ती दुधात व्हायची, तिच्यात साखर चमचा उभा राहील एवढी असायची आणि वर जायफळ किसलेलं. कॉफीची पूड चमचाभर, जायफळ चिमूटभर, आणि वास सगळा जायफळाचा. पिणारा दोन घोटांत पेंगायला लागे. जगभर लोक जागं राहण्यासाठी जे पितात, ते आमच्याकडे झोप यावी म्हणून द्यायचे.

शिवाय कॉफी उपासाला चालते. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, तिथे एकादशीचे नियम अंगणवाडीतल्या पोरालाही पाठ असतात. भाच्यानं आणलेल्या एका पाकिटावर 'चिकोरी मिश्रित' असं होतं, तेव्हा घरात थोडा ताण निर्माण झाला. चिकोरी म्हणजे काय? एका झाडाचं मूळ भाजून केलेली पूड. आईनं क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, 'मूळ म्हणजे कंदच की. रताळं चालतं तर हे का नाही?' इतका स्वच्छ निर्णय अन्नखात्यालाही देता आला नसता. पण भाचा म्हणाला, प्रेसमध्ये चिकोरीची पूड नको, ती पाण्यात विरघळून सगळं काळं आणि जड करते. दाक्षिणात्य फिल्टरमध्ये ती शोभते. तिथं थेंब थेंब गळालेल्या दाट अर्कावर भरपूर दूध येतं. प्रेसला फक्त कॉफीच्या भाजलेल्या बिया लागतात, आणि त्याही ताज्या.

बियांचा प्रश्न सुटला, कारण कर्नाटक आमच्या उशाला आहे. भारतातली सुमारे ७० टक्के कॉफी तिकडेच पिकते. चिकमगळूरच्या डोंगरात सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या सूफी संतांनी येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि लावल्या, अशी कथा सांगतात. त्या डोंगराचं नावच बाबाबुडनगिरी. सीमेवर झडती घेणाऱ्यांना सात बिया सापडल्या नाहीत. आमच्या घरी भाच्याची बॅग उघडल्यावर अर्धा किलोचं पाकीट आईला साडेतीन सेकंदांत सापडतं.

खरी गोष्ट सुरू होते ती दळण्यापासून. प्रेसची जाळी बारीक असली तरी पिठाला अडवू शकत नाही, म्हणून कॉफी भरड लागते, जाड रव्याएवढी. भाच्यानं हे समजावून सांगायला मोबाइलवर तीन छायाचित्रं आणि एक व्हिडिओ दाखवला. आईनं नुसतं विचारलं, 'लापशीला काढतो तसं?' झालं. ज्या गावात गिरणीवाला मामा डबा हातात घेताना 'भाकरीचं का लापशीचं?' एवढंच विचारतो आणि दगडांतलं अंतर अर्ध्या वेढ्यानं कमी-जास्त करतो, तिथं दळण्याचं शास्त्र कोणी कोणाला शिकवायचं? मोठ्या शहरांतल्या कॉफीच्या दुकानांत हजारो रुपयांच्या दळणयंत्राला चाळीस आकडे असतात. मामांच्या गिरणीला एकही आकडा नाही. त्यांचा कान आहे. दगडाचा आवाज बदलला की त्यांना कळतं, ज्वारी संपत आली.

मोह झाला होता, खोटं कशाला बोला. डबा गिरणीपर्यंत गेलाही. मामांनी झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, 'सर, आत्ताच मिरची काढलीय. तुमच्या आधी कोण घालणार गहू? घातले तर तुमच्या कॉफीत मिरची नाही, पण त्यांच्या चपातीत मिरची जाईल. भांडण मला नको.' हा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे. घरातला खलबत्ताही बाद ठरला. त्याच्यात सोलापूरची शेंगाचटणी पिढ्यान्‌पिढ्या कुटली गेल्यामुळे लसूण आता त्याच्या दगडातच राहतो. राहता राहिला मिक्सर.

मिक्सर कॉफी दळत नाही, फोडतो. पात्याला सापडलेल्या बियांचं पीठ होतं आणि न सापडलेल्या अर्ध्या तशाच राहतात. पीठ लगेच कडू अर्क सोडतं, जाड तुकडे आंबटच राहतात, आणि एकाच कपात दोन्ही चवी भांडत बसतात. त्यावर उपाय घरचाच आहे. मिक्सर सलग न फिरवता थांबत थांबत दोन-दोन सेकंद फिरवायचा, मधे भांडं हलवायचं आणि मग रव्याच्या चाळणीनं बारीक पीठ वेगळं काढायचं. चाळणीवर राहतं ते प्रेसचं. खाली पडतं ते जायफळाच्या कॉफीचं. दुधासाखरेत कोणाचंही पाप खपतं. बेंगळुरूच्या माणसाला ही चाळणीची युक्ती अपूर्व वाटली. तो म्हणाला, यासाठी परदेशात वेगळं उपकरण विकतात. आमच्याकडे ते भिंतीला अडकवलेलं असतं आणि लग्नात रुखवतावर येतं.

प्रमाण सोपं आहे. लिटरभर पाण्याला साधारण साठ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरला तीस. भाच्यानं त्यासाठी एक छोटा काटा आणला होता, ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा. शेजारच्या आक्कांना तो फार करमणुकीचा वाटला. आक्का विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात जर्दा, तेंदूची पानं आदल्या रात्री भिजवून मऊ केलेली, पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापलेली. पान घेतात, जर्दा चिमटीत घेतात, वळतात, दोरा बांधतात, आणि तोंडानं गल्लीचं वार्तापत्र चालू. हजार विड्यांमागे मजुरी, आणि जर्दा मोजून मिळतो. चिमूट चुकली की शेवटी जर्दा संपतो आणि पानं उरतात. आक्कांनी कॉफी चिमटीत धरली, दोनदा सोडली, मग ओंजळीनं भांड्यात टाकली आणि म्हणाल्या, 'घाल आता काट्यावर.' फरक निघाला तो एखाद्या ग्रॅमचा, आणि तोही आक्कांच्या मते काट्याचा दोष.

आता पाणी. सोलापूरकराला पाण्याविषयी बोलतं करू नये, तो रात्र काढतो. उजनी धरण भरलं तरी शहरात नळाला दिवसाआडच्या आडच्या दिवशी पाणी येतं, तेही नेमकं पहाटे. आमची भिस्त नळापेक्षा बोअरवर. बोअरचं पाणी इतकं जड की कपडे धुताना साबणाचा फेस होत नाही आणि पातेल्याच्या बुडाला चुन्याचं अस्तर बसतं. या पाण्यात कॉफी केली तर ती सपक लागते, कारण त्यातले क्षार कॉफीतला सगळा आंबटसर जिवंतपणा मारून टाकतात. फिल्टर मशीनचं पाणी वापरावं तर ते इतकं रिकामं की कॉफीतून चव ओढून घ्यायला त्याच्याकडे काहीच नसतं. थोडे क्षार हवेत, फार नकोत. म्हणून अर्धं बोअरचं, अर्धं मशीनचं. कुंभारीत सासू-सुनांच्या भांडणातही हाच तोडगा चालतो.

तापमानाच्या बाबतीत मात्र निसर्ग आमच्या बाजूनं आहे. पाणी बाण्णव ते शहाण्णव अंशांच्या दरम्यान हवं, फार खळखळतं नको, असं जाणकार सांगतात. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंच असल्यामुळे इथं पाणी शंभरला पोचतच नाही, साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं. मुंबईकराला उकळी थांबल्यावर मिनिटभर वाट बघावी लागते, आम्हाला त्याहून कमी. भांडं आधी गरम पाण्यानं विसळून तापवावं, असंही पुस्तकात असतं. ती सूचना बहुधा थंड देशांसाठी आहे. मे महिन्यात चव्वेचाळीस अंशाला आमच्या ओट्यावरचं स्टीलचं भांडं आपणहून तापलेलं असतं, आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी दोनला घेतलं तर गॅसचीही बचत होते.

पाणी ओतलं. कॉफी ताजी असेल तर ती फुलते. भाजताना बियांत कोंडलेला वायू बुडबुडे होऊन बाहेर पडतो आणि वर जाड तपकिरी थर जमतो. शिळी असेल तर ती तशीच पडून राहते. झाकण नुसतं टेकवायचं, दांडा वर. घड्याळ लावायचं. इथून पुढे फक्त थांबायचं.

पहिल्या मिनिटात आई येते. भांड्यातून काहीतरी वास येतोय आणि कोणी ढवळत नाही, हे दृश्य तिला बघवत नाही. साठ वर्षं ज्या हातांनी आमटी, पिठलं, खीर, सगळं बुडाला लागू न देता ढवळलं, त्यांना हात न लावणं म्हणजे हलगर्जीपणा वाटतो. 'गॅसवर नाहीये गं ते, लागणार नाही,' असं सांगितलं तर ती म्हणते, 'मग शिजतंय कशावर?' या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते साठ सेकंदांत बसत नाही.

दुसऱ्या मिनिटात दारातून आवाज येतो. 'काय करायलाव ओ सर? कशाचा वास सुटलाय?' वाक्य संपेपर्यंत माणूस आत असतो. त्याला 'या, बसा' म्हणावं लागतं; कुंभारीत 'जरा चार मिनिटं थांबा' असं म्हटलं तर ते भांडण समजलं जातं. तो प्रेसच्या समोर येऊन बसतो, खाली वाकून जाळी बघतो, दांड्यावर एक बोट ठेवून म्हणतो, 'हे दाबायचं असतंय का?' इथं माणसाची सगळी संस्कृती पणाला लागते. पाहुण्याच्या बोटाला हात लावून ते बाजूला करता येत नाही. बोलण्यानं करावं लागतं. त्याच्या मुलाच्या बारावीचं विचारावं. बोट आपोआप उठतं, कारण त्या विषयाला दोन्ही हात लागतात.

तिसऱ्या मिनिटात नळाला पाणी येतं किंवा लाइट जाते, किंवा दोन्ही. लाइट गेली की मोटार बंद, मोटार बंद म्हणजे टाकी अर्धी, टाकी अर्धी म्हणजे 'अहो, ते तुमचं खेळणं नंतर!' अशी हाक. घड्याळ मोबाइलवर लावलेलं असतं आणि मोबाइल कोणीतरी कोणालातरी फोन लावायला उचललेला असतो.

चौथ्या मिनिटाला शक्यतो कोणी पोचत नाही.

आता गंमत ऐका. लंडनचे जेम्स हॉफमन, २००७ सालचे जागतिक बरिस्ता विजेते, सांगतात की चार मिनिटांनी दाबूच नका. वरचा थर चमच्यानं मोडा, फेस काढून टाका आणि मग आणखी पाच मिनिटं थांबा, म्हणजे चोथा आपोआप तळाला बसेल. मग जाळी फक्त पाण्याच्या पातळीपर्यंत आणायची आणि ओतायचं. पद्धत खरोखर उत्तम आहे. कप निवळ येतो, कडवटपणा नाही. कॉफी भरड असल्यामुळे तेवढ्या वेळात ती फार काही जास्त सोडत नाही, शिवाय पाणीही निवत असतं. पण एकूण नऊ मिनिटं! हॉफमन साहेबांच्या दाराला बहुधा बेल आहे आणि ती वाजवायच्या आधी लोक त्यांना संदेश पाठवून विचारतात. आमच्या दाराला कडी आहे, आणि ती आतून लावली तर गल्लीत घरी कोणी आजारी आहे का याची चौकशी सुरू होते.

नऊ मिनिटांची गोष्ट फक्त आक्कांना पटली. बाकी सगळे 'च्या करा की सरळ' म्हणत होते, तेव्हा त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या, 'पान भिजल्याशिवाय वळतंय का? घाई केली की फाटतंय.' तेव्हापासून मी प्रेस आक्कांच्या ओसरीवर नेऊन ठेवतो. तिथं ती सुरक्षित राहते. आक्का ना ढवळतात, ना दाबू देतात. कोणाचं बोट पुढे आलं तर कात्री वाजवतात.

दाबायची वेळ आलीच तर हळू. इथे आणखी एक अडचण आहे: आमच्याकडे हातांना हळू ही सवय नाही. हे हात भाकरी थापणारे, मोट हाकणाऱ्यांचे वंशज, चादरी पिळणारे. जाळी थोडी अडली की त्यांना ते आव्हान वाटतं. जोर लावला की गरम पाणी बाजूनं उसळतं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर जाऊन पडतं. दांडा अडला याचा अर्थ कॉफी फार बारीक दळली गेली. तेव्हा जोर नाही लावायचा, किंचित वर ओढून पुन्हा सोडायचा. नुसत्या तळहाताच्या वजनानं तो खाली गेला पाहिजे. क्लॅरिनेटवाल्यांनी केलेलं यंत्र आहे, पहिलवानांनी नव्हे.

आणि ओतायची सगळी एकदम. प्रेसमध्ये ठेवून दिली तर चोथा तिथंच पाण्यात असतो, कडूपणा सोडत राहतो. म्हणून उरलेली दुसऱ्या भांड्यात काढावी. आमच्याकडे उरत नाही, हा भाग वेगळा. येणाऱ्यांची संख्या कपांपेक्षा नेहमी जास्त असते.

चवीबद्दल मतं ऐकण्यासारखी आहेत. गिरणीवाले मामा म्हणाले, 'काढा चांगला झालाय, घसा कुणाचा धरलाय?' एका ज्येष्ठांनी साखरेशिवाय एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि 'तुमचं काही बिनसलंय का घरी?' असं मला बाजूला घेऊन विचारलं. रुग्णालयातला एक शिकाऊ डॉक्टर मात्र दोन कप प्यायला. रात्रपाळीहून आलेला होता, त्याला कोणी डिंकाचं पाणी दिलं असतं तरी प्यायला असता. कप ठेवल्यावर त्यानं वैद्यकीय माहितीही दिली: जाळीतून आलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचा तेलकट घटक राहतो, आणि अशी कॉफी रोज भरपूर प्यायली तर वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, कागदातून गाळली तर तो कागदात अडकतो. हे ऐकून ज्येष्ठ फार समाधानानं हसले. त्यांच्या समोर भज्यांची प्लेट होती.

दुधाचं म्हणाल तर शुद्धतावाद्यांनी कुंभारीत येऊ नये. आम्ही तीस ग्रॅमला तीनशे मिलिलिटरच पाणी घालतो, म्हणजे अर्क दाट येतो, आणि मग वर तापवलेलं म्हशीचं दूध. जायफळ मागणाऱ्याला जायफळ. खारी बुडवणाऱ्याला अडवत नाही, फक्त काळ्या कॉफीत बुडवू नका म्हणतो. वर तुपाचा तवंग येतो आणि खारीचा अर्धा भाग तळाच्या गाळात कायमचा राहतो. कपाच्या तळाशी बोटभर गाळ राहणारच. तो प्यायचा नसतो. चहाचा शेवटचा थेंबही बशीत ओतून पिणाऱ्या लोकांना कपात काहीतरी शिल्लक ठेवायला सांगणं, हा प्रेसच्या प्रसारातला सर्वांत मोठा अडथळा आहे.

धुण्याचं काम वाईट. चोथा मोरीत गेला की मोरी तुंबते आणि मग दोष परदेशी संस्कृतीला जातो. तो आधी चमच्यानं काढून गुलाबाच्या कुंडीत घालावा. चहाचा चोथा तिथंच जातो, त्याला सोबत होते. जाळीचे तीन भाग फिरवून सुटे होतात, ते सुटे करून धुवावेत, नाही तर कॉफीचं तेल आत राहून खवट वास धरतं. हे सांगायची वेळ आली कारण एके दिवशी कॉफीला ताकाचा वास आला. चौकशीअंती कळलं, आईनं प्रेसमध्ये दही-पाणी घालून दांडा खालीवर केला होता. ताक दोन मिनिटांत झालं, लोण्याचे कणही जाळीवर आले. 'रवीपेक्षा बरं आहे, शिंतोडे उडत नाहीत,' तिनं अहवाल दिला. बेंगळुरूला फोनवर हे ऐकून भाचा म्हणाला, तिकडे लोक यातच गरम दूध फेसाळतात, आजीनं उगाच काही केलेलं नाही. त्यानंतर आईनं बिनदूध कॉफीही एकदा चाखून बघितली. तिला पटली नाही, पण भांड्याबद्दलचं तिचं मत सुधारलं.

आता प्रश्न संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा आहे. गल्लीतल्या बायकांनी ठरवलंय, यंदा मसाला दूध नको, सरांची ती कॉफी करायची. आक्कांनी हिशेब केला: बायका साठ-सत्तर, भांड्यात एका वेळी होतात तीन कप. प्रत्येक खेपेला चार मिनिटं धरली तर शेवटच्या बाईला कॉफी रथसप्तमीला मिळेल. भाच्याला विचारलं, मोठी मिळते का? तो म्हणाला, फार तर दीड लिटरची. मग आक्का स्वतःच भांड्यांच्या कारागिराकडे गेल्या. त्यांच्या माहेरच्या नात्यातला आहे तो. लग्नाच्या वरणाचं तीस लिटरचं पातेलं होतं, त्याला बरोबर बसेल अशी जाळी आणि वर धरायला दांडा, असं सांगून आल्या. कारागिरानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच शंका काढली: एवढा दांडा दाबायला माणूस कोण? गल्लीतल्या तालमीतल्या दोन पोरांना आक्कांनी सांगून ठेवलंय. जोर लावायचा नाही, हे त्यांना कोण सांगणार, एवढंच अजून ठरायचंय.